मदत हवी आहे: अण्णांना घेऊन आर्लला (दक्षिण फ्रान्स) जायचंय, गुडघे, पायऱ्या आणि जेवण

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात अण्णांना (माझे वडील, वय ७६) घेऊन आर्लला पाच दिवस राहायचा बेत आहे. सोबत फक्त मी. मी फ्रँकफुर्टजवळ असते, अण्णा तीन महिन्यांसाठी आलेत. तिकडे जाऊन आलेल्यांकडून, त्यातही वयस्क माणसांना सोबत नेलेल्यांकडून माहिती हवी आहे. जरा पाल्हाळ होईल, पण सगळं आधीच सांगितलेलं बरं.

अण्णांनी धाराशिव जिल्ह्यात ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. तेर आमच्या गावापासून जवळच. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचं लिहिलंय. इथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून आडरानातून भडोचच्या बंदराला जायची आणि तिथून जहाजानं पश्चिमेला. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेई या जुन्या रोमन शहराच्या उत्खननात निघाली. अण्णा दर वर्षी सातवीचा वर्ग तिथे न्यायचे. त्या रांगेत मीही उभी राहिलेय. काचेपुढे उभे राहून ते सांगायचे, "हे इथलं टोक. दुसरं टोक समुद्रापलीकडे आहे." ते दुसरं टोक त्यांनी स्वतः कधी नीट पाहिलं नाही.

'नीट' म्हणण्याचं कारण, मागच्या खेपेला त्यांना एका टूर कंपनीच्या बसनं जर्मनीतल्याच ट्रियरला पाठवलं होतं. मला रजा नव्हती. तिथल्या पोर्टा निग्रा या रोमन वेशीपाशी चाळीस मिनिटं दिली होती. त्या वेशीचे दगड चुन्याशिवाय, नुसत्या लोखंडी पकडी घालून सांधलेले. पुढे लोकांनी लोखंडासाठी त्या पकडी उकरून काढल्या, त्यांची भोकं आजही दिसतात. अण्णा एकेका भोकात बोट घालून बघत राहिले आणि बसला दहा मिनिटं उशीर झाला. गाईड सगळ्यांसमोर त्यांना बोलला. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, "छान होतं." नंतर बरोबर गेलेल्या बाईंकडून मला सगळं कळलं. त्या दिवसापासून मनात आहे की एकदा त्यांना अशा ठिकाणी न्यायचं जिथे घड्याळ कुणाच्याच हातात नसेल.

रोम त्यांना गर्दीमुळे नको वाटतं. आर्ल मला पटलं कारण सगळं हाकेच्या अंतरावर आहे. अँफिथिएटर (झुंजी बघायचं गोलाकार प्रेक्षागार), त्याला लागून नाटकाचं थिएटर, नदीकाठी कॉन्स्टंटाइनच्या काळातलं स्नानगृह, आणि जुन्या फोरमच्या (रोमन गावचौकाच्या) खालची भुयारी दालनं. रोमन आणि मध्ययुगीन अवशेषांमुळे १९८१ पासून हे गाव जागतिक वारसा यादीत आहे. अण्णांना सगळ्यात जास्त ओढ लागलीय ती अँफिथिएटरची, पण झुंजींसाठी नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या शेवटी बांधलेलं, वीसेक हजार माणसं बसतील एवढं हे बांधकाम. रोमन सत्ता गेल्यावर लोकांनी त्याचाच कोट केला, वर बुरूज चढवले आणि आत दोनशेच्या वर घरं नि दोन चर्चं उभी राहिली. एकोणिसाव्या शतकात ती घरं काढली तेव्हा रिंगण पुन्हा मोकळं झालं. हे ऐकल्यावर अण्णा लगेच म्हणाले, "म्हणजे आपल्या पांढरीसारखंच की." तेरला जुन्या वस्तीच्या टेकाडांवर लोक राहतात, पाया खणला की सातवाहन काळातल्या विटा आणि खापरं लागतात. तेव्हापासून ते रोज मला नकाशा उघडायला लावतात.

आता प्रश्न.

अण्णांच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदललीय, डावा दुखतो. कठडा असेल तर २५-३० पायऱ्या सावकाश चढतात, उतरताना जास्त त्रास होतो. अँफिथिएटरमध्ये बुरुजावर जायचं नाहीच, पण खालच्या कमानींच्या ओवरीतून फिरता येतं का, आणि रिंगण दिसेल अशा जागी बसायला किती पायऱ्या आहेत? भुयारी दालनांचं प्रवेशद्वार नगरपालिकेच्या इमारतीतून आहे असं वाचलं. तिथला जिना कसा आहे, खाली जमीन ओली-निसरडी असते का? अलिस्काँ, म्हणजे दोन्ही बाजूंना दगडी शवपेट्या असलेली झाडांची वाट, मला सपाट वाटतेय. व्हॅन गॉग आणि गोगँ यांनी १८८८ च्या शरद ऋतूत तिथेच चित्रं काढली, आम्हीही ऑक्टोबरातच जातोय.

संग्रहालय गावाबाहेर नदीकडेला आहे. तिथला ३१ मीटर लांबीचा सपाट तळाचा रोमन पडाव, म्हणजे मालवाहू नाव, हेच आमचं मुख्य आकर्षण. २००४ मध्ये रोन नदीच्या तळाशी सापडला, २०११ मध्ये तुकडे करून वर काढला. बांधकामाचा दगड भरलेला असतानाच बुडाला होता, आणि खलाशांची स्वयंपाकाची भांडीही त्यात मिळाली. अण्णांनी वर्गात फळ्यावर खडूनं मालवाहू नावा काढल्या, खरी रोमन नाव पाहिली नाही. तिथे अख्खी सकाळ घालवायचीय. आत बाकं आहेत का? गावातून तिथवर चालत न जाता कसं जायचं?

प्रवासाचं असं ठरवलंय: फ्रँकफुर्टहून मार्सेलला जाणारी थेट टीजीव्ही (फ्रान्सची वेगवान रेल्वे), अव्हिन्योंला उतरायचं, तिथून गावातल्या स्टेशनवर येऊन आर्लची लोकल, वीसेक मिनिटांची. सामानासकट ही अदलाबदल त्यांना झेपेल का?

जेवणाचा प्रश्न मोठा. अण्णा माळकरी. मांस, मासे, अंडं काही चालत नाही. म्हणून स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीय, भाजणी आणि मेतकूट बरोबर नेणार. शनिवारचा बाजार भरतो, भाजीची चिंता नाही. जवळच्या कामार्ग भागात भातशेती आहे हे कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं, तिथला तांदूळ आणून खिचडी करायची म्हणतात. बाहेर खायची वेळ आली तर काय मागवावं? तापनाद नावाच्या ऑलिव्हच्या चटणीत बहुतेक वेळा मासे असतात, हे मला इथल्या मैत्रिणीनं सांगितलं म्हणून कळलं. अशी आणखी कुठे फसगत होते?

शेवटचं, व्हेजों-ला-रोमेन हे गाव. तिथे रोमन घरं, दुकानं, गल्ल्या असा वस्तीचा भाग उघडा केलाय आणि एकाच कमानीचा रोमन पूल आहे. १९९२ च्या सप्टेंबरात आलेल्या भयंकर पुरात त्याचा कठडा गेला, पूल राहिला. रेल्वे तिथे जात नाही. आर्लहून गाडीशिवाय एका दिवसात जमेल की नाद सोडावा? की त्याऐवजी पाँ द्यु गार? नीम शहराला पाणी नेणाऱ्या ५० किलोमीटर कालव्याचा हा तिमजली पूल, आणि एवढ्या लांबीत एकूण उतार चार-पाच मजली घराएवढा. पाणचक्की आणि मलिक अंबरची नहर शिकवताना अण्णा याचं उदाहरण द्यायचे.

भर (तीन दिवसांनी):

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या आपुलकीनं लिहिलंत. भुयारी दालनं अण्णांसाठी रद्द, मी एकटी जाऊन फोटो आणीन. व्हेजोंही या वेळी सोडलं. एकच मोठी सहल, पाँ द्यु गार, आणि त्याच्या आदल्या दिवशी पूर्ण विश्रांती. मिस्त्राल या तिकडच्या गार, सोसाट्याच्या वाऱ्याबद्दल ज्यांनी बजावलं त्यांचे वेगळे आभार. कानटोपी आणि मफलर बॅगेत गेले.

धागा अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी एक प्रश्न घालायला सांगितलाय, त्यांच्याच शब्दांत: "पडावातली खलाशांची भांडी मांडून ठेवली असतील, तर त्यांच्या बुडाला काजळी दिसते का?" कुणी जवळून पाहिली असतील तर कृपया सांगा. तिकिटं ४ तारखेची आहेत.