वृद्धनिवासाच्या धंद्यात मार्जिन वाढतंय की घटतंय?

आकडेमोड:
आम्ही तिघं मिळून एक वृद्धनिवास सुरू करायचा विचार करतोय, बिल्डिंग लीझवर आणि चालवणार आम्हीच. जो भेटतो तो सांगतो की म्हातारी माणसं वाढतायत, डिमांड कायमची आहे. मग मोठमोठ्या चेन बुडल्या त्या का? प्लॅनमध्ये आम्ही ९५ टक्के बेड भरलेले धरलेत, ते चालेल का? ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी प्लीज सांगा.

जमाखर्च:
९५ फार धरलेत. इथे माणसं कायमची राहत नाहीत हो, काही जण दगावतात, काही हॉस्पिटलमधून परत येत नाहीत, आणि खोली रिकामी झाली की सामान हलवणं, रंग, नवीन माणसाची तपासणी, घरच्यांचं होय-नाही यात ती बरेच दिवस पडून राहते. आणि खर्च मात्र थांबत नाही, कारण निम्म्याहून जास्त पैसा पगारात जातो आणि दहा माणसं कमी झाली म्हणून रात्रीची नर्स काही कमी करता येत नाही.
साधा हिशोब बघा. १०० बेड, ९० भरलेले, मार्जिन १० टक्के. आता भरलेले ८० झाले की उत्पन्न ११ टक्क्यांनी खाली, जेवणाचे थोडे पैसे वाचतात, बाकी खर्च तसाच, नफा जवळपास संपला.
ट्रेंडचं म्हणाल तर २०२० मध्ये कोविडमुळे बऱ्याच देशांत बेड रिकामे झाले, ते हळूहळू भरत आले, पण मधल्या काळात पगार, वीज, इन्शुरन्स सगळंच वाढलं, त्यामुळे भरलेलं घर म्हणजे जुनंच मार्जिन असं राहिलेलं नाही. शिवाय पैसे कोण देतंय ते बघा. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये दाखवलं होतं की स्वतः पैसे भरणारे सरकारी पैशावर राहणाऱ्यांपेक्षा सरासरी ४१ टक्के जास्त देतात. म्हणजे एकाच्या खिशातून दुसऱ्याचा तोटा भरून निघतो, मला हे अजिबात पटत नाही पण गणित असंच चालतं.

भाडेकरार:
चेन का बुडल्या ते मी सांगतो, आणि लीझ म्हणालात म्हणून जरा नीट वाचा. ब्रिटनमधली सदर्न क्रॉस २०११ मध्ये कोसळली, साधारण ७५० घरं, ३१ हजार वृद्ध. बिल्डिंगा विकून त्याच परत भाड्याने घेतलेल्या, भाडं दरवर्षी वाढणारं, आणि तिकडे सरकारकडून मिळणारी फी आवळली गेली, बेड रिकामे होत गेले. अमेरिकेत एचसीआर मॅनॉरकेअरचं तेच, कार्लाइल या गुंतवणूक कंपनीने २००७ मध्ये घेतली, पुढे जागा ६.१ अब्ज डॉलरला विकल्या आणि २०१८ मध्ये दिवाळखोरी. दोन्हीकडे गळा आवळला तो भाड्याने. त्यामुळे भाड्याच्या आधीचा नफा भाड्याच्या किती पट आहे तो आकडा आधी काढा, आणि तो ८० टक्के भरलेल्या बेडवर काढा.

रात्रपाळी:
मी नर्स आहे, माझी एकच विनंती, मार्जिन कमी दिसलं की स्टाफला हात लावू नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस रात्री दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते, अंग जड असेल तर दोघं लागतात. मजल्यावर एकटीच असेल तर ती ओढून वळवते, चादरीवर कातडी घासते, माकडहाडापाशी आधी लाल चट्टा आणि मग जखम. मग रोजचं ड्रेसिंग, हॉस्पिटल, नातेवाईकांची तक्रार, आणि त्या माणसाच्या वेदना तर कुठल्याच शीटमध्ये येत नाहीत. २०२१ च्या एका अमेरिकन अभ्यासात प्रायव्हेट इक्विटीने, म्हणजे कंपन्या विकत घेऊन नफा काढणाऱ्या गुंतवणूकदारांनी, घेतलेल्या नर्सिंग होममध्ये थोड्या दिवसांसाठी आलेल्या पेशंटचे मृत्यू सुमारे १० टक्के जास्त निघाले, नर्सिंगचा वेळही कमी झालेला. ऑस्ट्रेलियाने तर ऑक्टोबर २०२४ पासून दर माणसामागे रोज सरासरी २१५ मिनिटांची काळजी हे टार्गेट ठेवलंय. तुमच्या प्लॅनमध्ये माणशी किती मिनिटं येतात ते काढून बघा ना.

आकडेमोड:
ताई, मिनिटांचा हिशोब आम्ही केलाच नव्हता, आज रात्री बसतो. @भाडेकरार दादा, मालक दरवर्षी ठराविक टक्के भाडेवाढ मागतोय, ती मान्य करू का?

भाडेकरार:
फी तेवढ्याच टक्क्यांनी दरवर्षी वाढवता येणार असेल तरच. नाहीतर वाढीला वरची मर्यादा घाला आणि मधेच बाहेर पडायचं कलम आत्ताच लिहून घ्या, सही झाल्यावर मालक ऐकत नाही.