मदत हवी आहे: लाख भरलेली, नक्षीची जुनी चांदी घरच्या घरी कशी उजळावी?

नमस्कार मंडळी. गौरी-गणपतीसाठी चांदी बाहेर काढली आहे. साध्या वाट्या, ताम्हन, फुलपात्रं यांचा प्रश्न नाही. पातेल्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, त्यावर खायचा सोडा आणि उकळतं पाणी, इतक्यात ती लख्ख होतात. काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. त्यातलं गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातं आणि चांदी भांड्यावरच राहते. घासण्यापेक्षा मला हे फार पटतं.

अडलंय ते गुलाबदाणी आणि अत्तरदाणीपाशी. दोन्हींच्या पोकळ दांड्यात लाख भरलेली आहे, त्यामुळे गरम पाण्यात बुडवता येत नाहीत. शिवाय वेलबुट्टीच्या खाचांत मुद्दाम राखलेला काळेपणा आहे. तो गेला तर नक्षी सपाट दिसेल, आणि माझ्या मते या वस्तूंचं सगळं सौंदर्य त्यातच आहे.

रिठ्याच्या कोमट पाण्याने धूळ-तेलकटपणा गेला, काळपटपणा नाही. टूथपेस्ट दुसऱ्या एका डबीच्या तळाला लावून पाहिली, बारीक ओरखडे उठले. म्हणून ती आणि रांगोळी नको. सराफाकडे पॉलिशला द्यायची नाहीत. खडे किंवा सोन्याचा मुलामा कुठेही नाही.

खडूची वस्त्रगाळ पूड पाण्यात कालवून, मऊ सुती कापडाने फक्त उठावाच्या भागावर फिरवावी असा विचार आहे. लाखेच्या वस्तूंवर हे कुणी केलंय का? ओरखडे पडतात का, आणि खाचांत अडकलेली पांढरी पूड पाण्यात न बुडवता कशी काढायची?