टाउन, टाउइन, त्साउन: कुंपणासाठी माती मागितली त्याची गोष्ट

चौलची पोफळ

मंडळी, शनिवारी माझी चारचौघांत शोभा झाली. त्यातून निघालेला प्रश्न आहे.

आम्ही नेदरलँड्समध्ये फेनलोला राहतो. जर्मनीची हद्द सायकलवरून गाठता येते. मागच्या अंगणात मेथी-कोथिंबीर पेरायची होती, तर शेजारीण म्हणाली, माती पलीकडून आण. डच मला कामापुरतं येतं. जर्मन म्हणाल तर पुण्यात कधीकाळी दोन महिने शिकवणी लावली होती तेवढंच. तिथल्या बाईंची एक युक्ती मात्र डोक्यात बसलीय: इंग्रजी-डच शब्दाच्या सुरुवातीला 'ट' असला की जर्मनमध्ये बहुधा 'त्स' होतो. टेनचं त्सेन, टंगचं त्सुंगं.

डचमध्ये बागेला 'टाउइन' म्हणतात (खरा उच्चार देवनागरीत बसत नाही, चालवून घ्या). मी लावला नियम आणि दुकानातल्या माणसाला ठोकून दिलं, "माझ्या त्साउनसाठी माती हवीय." त्याने दोनदा विचारून खात्री केली आणि मला थेट लाकडी खांबांपाशी नेलं. वर समजावलं, की खांब रोवायचे तर माती कशाला, हे घ्या. आणि सिमेंटच्या गोणीवर थाप मारली.

त्साउन म्हणजे कुंपण! मी कुंपणाला माती मागत होते.

नियम चुकला म्हणावं तर शब्द खराच निघाला. मग डचांची बाग, जर्मनांचं कुंपण आणि इंग्रजांचं टाउन हा नुसता योगायोग का?

निवृत्त मास्तर

पोफळताई, योगायोग नाही. एकाच आईची तीन लेकरं आहेत ती. तुमच्या बाईंनी शिकवलेला 'ट'चा 'त्स' हा नियम याकोब ग्रिम यांनी 1822 साली पद्धतशीर मांडला. परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी हे थोरले. दक्षिणेकडच्या जर्मन बोलींत हा बदल झाला, डच आणि इंग्रजीत झाला नाही. स्वरही ताडून पाहा. घराला डच हाउइस, इंग्रजी हाउस, जर्मन हाउस. उंदराला माउइस, माउस, माउस. जुना दीर्घ 'ऊ' तिघांकडे फुटला, डचांकडे जरा वेगळा. म्हणजे मूळ शब्द 'तून'.

अर्थाकडे या. मुळात तून म्हणजे कुंपण. जर्मन तिथेच थांबले. भांडण उकरून काढण्याला ते आजही 'त्साउनवरून भांडण मोडून काढणं' म्हणतात; कुंपणाची काठी उपटावी इतक्या सहज. डचांकडेही मध्ययुगात हा शब्द कुंपणाचाच होता. जुन्या चित्रांत आणि नाण्यांवर 'हॉलंडची टाउइन' दिसते. तिथे भोवती विणलेल्या काटक्यांचं कुंपण असतं आणि आत सिंह किंवा कुमारिका. एखाद्याला फसवलं की डच अजून म्हणतात 'टाउइनभोवती फिरवलं'. पुढे शब्द कुंपण ओलांडून आतल्या जागेला चिकटला आणि बाग झाला.

इंग्रजांनी आतलं घरदार धरलं. आधी कुंपणातलं शेतघर, मग वस्ती, मग गाव, मग शहर. गावांच्या नावांतलं 'टन' हेच. नॉर्टन उत्तरेचं, सटन दक्षिणेचं, न्यूटन नवं. म्हणजे आयझॅक न्यूटन आपल्याकडे जन्मते तर आडनाव 'नवीवाडीकर' पडतं.

खळ्यातला

मास्तर, नवीवाडीकर 😂 गुरुत्वाकर्षणाचा शोध लावणारे नवीवाडीकर!

मी नॉर्वेत आहे, इकडची भर घालतो. नॉर्वेजियनमध्ये 'तून' म्हणजे शेतघर, गोठा, कोठार यांच्या मधलं अंगण. आमच्या सिंधुदुर्गात ज्याला खळं म्हणतात जवळपास तेच. कुंपण गेलं, गावही नाही, उरली ती मधली मोकळी जागा. त्या अंगणात एक मोठं झाड राखलेलं असतं, त्याला 'तूनत्रे' म्हणतात, म्हणजे तूनचं झाड. नाताळात त्याच्या मुळाशी बिअर ओतायची जुनी रीत होती, जागेच्या राखणदारासाठी. आता सांगा, कोकणी माणसाला परकं वाटेल का इथे?

आइसलँडमध्ये तून म्हणजे घरालगतचं खत घातलेलं गवताचं रान. स्वीडनमध्ये सिगतूना, एस्किल्सतूना ही गावं आहेतच.

चौलची पोफळ

थांबा थांबा. मास्तर थट्टेत 'वाडी' म्हणाले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चौलला आमची नारळ-पोफळीची वाडी आहे. तिथे वाडी म्हणजे बागच, "आजोबा वाडीत शिंपणं करतायत" असं आम्ही म्हणायचो. लग्नानंतर सासरी गेले तर तिथे वाडी म्हणजे दहा-बारा घरांची वस्ती! पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या "वाडीत जाऊन येते", तर मी विचारलं, नारळ उतरवायला का? सावंतवाडी गाव, आमची वाडी बाग, आणि माझ्या मैत्रिणीच्या गुजराती सासरी 'वाड' म्हणजे चक्क कुंपण. टाउन, टाउइन, त्साउन! मग वाडी आणि तून एकच की काय?

शंकासुर

रंगात आलेल्या मैफिलीत खोडा घालतो. वाडी आणि तून यांचं रक्ताचं नातं नाही. वाडी-वाडा येतात संस्कृत 'वाट' या शब्दावरून, म्हणजे कुंपण किंवा कुंपणातली जागा. आपली चालायची 'वाट' निराळी. दोन्हीकडे शब्द एकाच पायवाटेने चालले, इतकंच.

आणि तून हा मुळात जर्मन घराण्याचाच, हेही सगळे मानत नाहीत. केल्टिक भाषांत (आयरिश, वेल्श ज्या कुळातल्या, त्या) 'दूनोन' म्हणजे तटबंदीची जागा, किल्ला. फ्रान्समधल्या लियाँचं जुनं नाव लुगदूनुम, त्यातलं 'दूनुम' तेच. जर्मन टोळ्यांनी हा शब्द केल्टांकडून उचलला, असं बरेच अभ्यासक धरतात.

रक्ताचंच नातं हवं असेल तर जर्मन 'गार्टन' (बाग), स्वीडिश 'गोर्ड' (शेतघर) आणि इंग्रजी 'यार्ड' घ्या. हेही कुंपण घातलेल्या जागेवरूनच आलेत, आणि संस्कृत 'गृह' त्याच कुळातलं मानतात. मात्र 'घर' त्या 'गृह'वरूनच आलं यावर एकमत नाही, तेव्हा लगेच व्हॉट्सॲपवर ढकलू नका.

निवृत्त मास्तर

शंकासुरांचं म्हणणं मान्य. त्या गार्टनवरून आठवलं. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी 1840 मध्ये 'किंडरगार्टन' हे नाव दिलं, आणि आपल्याकडे झाली बालवाडी. 'बालबाग' नाही, बालवाडी! ज्याला सुचलं त्याचा कान पक्का.

आणखी एक, विषय थोडा सोडून. डचमध्ये प्राणिसंग्रहालयाला 'दीरनटाउइन' म्हणतात. 'दीर' म्हणजे कुठलाही प्राणी. इंग्रजीत तोच शब्द 'डिअर', पण उरला फक्त हरणापुरता. आता आपला 'मृग' पाहा. सिंहाला मृगेंद्र म्हणतात तेव्हा तो काय नुसता हरणांचा राजा असतो? मृग म्हणजे आधी कुठलंही रानटी जनावर, पुढे आक्रसून हरीण.

चौलची पोफळ

मास्तर, शंकासुर, खळेकर, सगळ्यांचे आभार. सासूबाईंना फोनवर सांगितलं, की तुमची वाडीही बरोबर आणि माझीही. त्या म्हणाल्या, "ते राहू दे, मेथी पेरलीस का?"

पेरली. माती शेवटी इथूनच घेतली. तिकडे त्या माणसाने इतकं मनापासून समजावलं होतं, की भिडेखातर दोन खांब घेऊन आले होते. त्यांवर आता घेवडा चढवणार आहे.