मोरचुदाच्या स्फटिकजलाचं गणित 5 वर येत नाहीये, मदत हवी आहे

प्रयोगात 2.50 ग्रॅम मोरचूद (निळं कॉपर सल्फेट, ज्याच्या स्फटिकात प्रत्येक कॉपर सल्फेटमागे पाण्याचे 5 रेणू असतात) तापवलं. थंड झाल्यावर वजन भरलं 1.70 ग्रॅम, म्हणजे पाणी गेलं 0.80 ग्रॅम. 0.80 भागिले 18 = 0.0444 मोल पाणी. उरलेलं निर्जल कॉपर सल्फेट धरून 1.70 भागिले 159.5 = 0.0107 मोल. गुणोत्तर येतं जेमतेम 4.2! यायला हवं 5, त्यासाठी 0.90 ग्रॅम घट हवी होती. भागाकार तीनदा तपासलाय, चूक तिथे नाही.

पूड पांढरी दिसत होती, पण कडेला किंचित निळसर झाक होती. पाचवा रेणू सुटायला 200 अंशांच्या वर तापमान लागतं असं वाचलंय. तोच अडकला असेल, की थंड होताना पुडीनं हवेतली वाफ ओढली? आणि जास्त तापवून काळं पडायला लागलं तर?

अजून एक. 0.05 मोल (म्हणजे 0.90 ग्रॅम) वाफेचं आकारमान काढताना मी सरळ 22.4 नं (0 अंशाला 1 मोल वायूचे लिटर) गुणलं, आलं 1.12 लिटर. पण 0 अंशाला पाणी वायू असतंच कुठे? मग 100 अंशांसाठी 373/273 नं गुणून 1.53 लिटर धरायचं का?