शोषण, ग्रहण की उचल? स्नायू, साखर आणि वृद्धिसंप्रेरक

अनवट: ॲक्रोमेगालीच्या (वृद्धिसंप्रेरक सतत जास्त राहिल्याने होणाऱ्या आजाराच्या) रुग्णांसाठीचं एक माहितीपत्रक मराठीत करतेय. त्यात वाक्य आहे, 'वृद्धिसंप्रेरक जास्त झालं की स्नायूंमधलं साखरेचं शोषण घटतं.' हे 'शोषण' खुपतंय. वर्तमानपत्रांत सर्रास दिसतं, पण बरोबर आहे का?

तांबडफुटी: नको. शोषण आतड्यात होतं. इथे साखर आधीच रक्तात पोचलेली असते. इन्सुलिनचा निरोप आला की ग्लुट-४ नावाची प्रथिनं स्नायुपेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि तिला आत घेतात. 'शोषण घटतं' वाचून रुग्णाला वाटेल, जेवणातली साखर अंगीच लागत नाही. मग रक्तातली वाढते कशी? 'ग्रहण' चालेल, मला 'उचल' आवडतो.

कारखानारोड: उचल म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न, यंदा उसाला किती? 😀 पण व्यापारी कारखान्यातून साखर नेतात तीही उचलच. गोदाम भरलेलं आणि गिऱ्हाईक माल उचलत नाही, रक्तात हेच चाललेलं असतं. माझं मत उचललाच.

तांबडफुटी: गिऱ्हाईक का उचलत नाही, हेही पत्रकात यावं. वृद्धिसंप्रेरक चरबीच्या साठ्यातून मेदाम्लं मोकळी करतं. स्नायूंना ते इंधन मिळालं की साखरेची गरज कमी होते. जीवरसायनशास्त्रज्ञ फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये मांडलं ते असं: मेदाम्लं जळताना साखर जाळायला लागणारं पायरुव्हेट डीहायड्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) मंदावतं, मागे साखरेच्या ज्वलनाच्या आधीच्या पायऱ्याही तुंबतात आणि शेवटी उचल घटते. नंतरच्या प्रयोगांत पेशीच्या दाराशीच अडथळा दिसला, म्हणजे इन्सुलिनचा निरोप आत नीट पोचत नाही. दोन्हीकडून परिणाम एकच.

अनवट: मूळ मजकुरात पुढे 'इन्सुलिनविरोधी संप्रेरक' असंही आहे.

जुनापुराणा: तो शब्द रूढ आहे, पण फसवा. वृद्धिसंप्रेरक इन्सुलिनच्या ग्राहीवर (पेशीवर निरोप घेणाऱ्या प्रथिनावर) जाऊन बसत नाही, त्याचा स्वतःचा ग्राही वेगळा. विरोध परिणामात आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ बर्नार्डो हौसे यांनी अर्जेंटिनात इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांची वृद्धिसंप्रेरक बनवणारी पीयूष ग्रंथीही काढली, तेव्हा मधुमेह सौम्य झाला. 1947 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. आणि हा 'बिघाड' आहे असंही सरसकट लिहू नका. उपाशी माणसात हेच संप्रेरक वाढतं, स्नायू चरबीवर भागवतात आणि साखर मेंदूसाठी राहते. रोग होतो तो पीयूष ग्रंथीतल्या गाठीमुळे ते सतत पाझरत राहिलं तर.

अनवट: मग असं करते: 'हे संप्रेरक सतत जास्त राहिलं, तर स्नायू चरबी जाळू लागतात आणि इन्सुलिन असूनही रक्तातल्या साखरेची उचल कमी करतात.'

तांबडफुटी: 'जाळू लागतात' नको. स्वस्थ बसलेल्या माणसाचे स्नायू एरवीही चरबी जाळतातच. 'जास्त चरबी जाळतात' करा. बाकी ठीक.