सुटे भाग जोडायचं किचन कॅबिनेट हलतंय, काय करू?

मृदुला_बदलापूर
नमस्कार मंडळी. नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरने नुसता ग्रॅनाइटचा ओटा दिलाय, खाली कडप्प्याचे उभे टेकू आणि बाकी मोकळं. सुताराचा खर्च झेपेना म्हणून खोक्यात सुटी येणारी कॅबिनेट मागवली. ओट्याखाली तीन, भिंतीवर दोन. १८ मिमीचा पार्टिकल बोर्ड, वर पांढरं लॅमिनेट. सोबत मिनीफिक्स (फळ्या आवळणारी चकती आणि दांडा), लाकडी खुंट्या, एक एल-की आणि एक अक्षरही न लिहिलेला चित्रांचा कागद.

काल पहिलं जोडलं. सगळं घट्ट पिळलंय, तरी कोपऱ्याला धरून ढकललं की हलतं. दीर म्हणतात, बाहेरून चार-चार खिळे ठोक, विषय संपला. माझा हात धजत नाही. आणि आतल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या एएसी ब्लॉकच्या आहेत. वरच्या कॅबिनेटांत स्टीलचे डबे ठेवायचेत, भिंत धरेल का?

वाचक_नाशिक
खिळे नकोतच. भुशाच्या बोर्डात खिळा धरत नाही, कड मात्र फुटते. माझं ऐकाल तर परत करा आणि बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणाऱ्या) प्लायची करून घ्या.

गुण्या_आणि_ओळंबा
नाशिककर, प्लाय चांगला हे मान्य, पण ताईंच्या घरी खोकी येऊन पडलीत. त्याचं बोलूया.

मृदुलाताई, मी कोल्हापूर-सांगलीकडे किचन बसवायची कामं घेतो. पहिला प्रश्न, पाठ, म्हणजे मागची पातळ फळी, लावलीत का? तुम्ही पाठीचं नावच काढलं नाहीत, म्हणजे ती अजून खोक्यात असणार. पाठीशिवाय कॅबिनेट हलणारच, मिनीफिक्स कितीही पिळा. ती पातळ पाठ धूळ अडवायला दिलेली नसते. चौकट काटकोनात धरून ठेवायचं काम तिचं.

कॅबिनेट सपाट फरशीवर पालथं घाला. टेपने दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर काटकोन बरोबर. फरक असेल तर ज्या कर्णाचं माप जास्त, त्याची दोन टोकं एकमेकांकडे दाबा. फरक एक सुताच्या (तीनेक मिमीच्या) आत आला की पाठ ठेवा आणि कुणालातरी धरायला लावून स्क्रू मारा. खोक्यात बारीक चुका (छोटे खिळे) आल्या असतील तर त्या बाजूला ठेवा. १५ मिमीचे चपट्या डोक्याचे स्क्रू आणा आणि कडेने साधारण चार-चार इंचांवर लावा. पाठ खाचेत सरकवायची असेल तर मात्र शेवटची फळी बंद करण्याआधीच घालावी लागते. कागदावर ते चित्र कुठेतरी असेल, नीट बघा.

मिनीफिक्सला ड्रिल मशीन लावू नका. गोल चकतीवरचा बाण फळीच्या कडेकडे करायचा, दांडा आत घालायचा आणि हाताने अर्धा फेरा. घट्ट लागलं की थांबायचं. त्यापुढे पिळलंत की बोर्डाचा भुगा होतो आणि भोक सैल पडतं. मिनीफिक्स फळ्या एकमेकींकडे खेचतं, वजन पेलतात त्या लाकडी खुंट्या. म्हणून एकही खुंटी गाळू नका. पुढे घर बदलायचं नसेल तर खुंटीच्या भोकात फेव्हिकॉलचा थेंब सोडा, पण आधी कोरडं जोडून बघा, कारण नंतर सुटत नाही. लॅमिनेटवर फेव्हिकॉल फासण्यात अर्थ नाही, तिथे तो धरत नाही. एखादं भोक सैल झालंच असेल तर काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठासा, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू लावा.

आता पाणी. ही कॅबिनेट वजनाने क्वचित मोडतात, कुजतात मात्र हमखास, आणि तीही सिंकखालची. पाइपसाठी भोक पाडलंत की आतला भुसा उघडा पडतो. एकदा फुगला की परत बसत नाही. त्या प्रत्येक कापाला लगेच सिलिकॉन फासा, बोटाने आतपर्यंत. आपल्याकडे फरशीवर बादली ओतून धुतात, म्हणून बोर्ड जमिनीला टेकवू नका. १०० मिमीचे प्लास्टिकचे पाय लावा आणि पुढे पीव्हीसीची क्लिपवाली पट्टी, काढता येणारी.

फरशीला मोरीकडे उतार असतो. जिथे ती सगळ्यात उंच, तिथून सुरुवात करा, बाकीचे पाय फिरवून लेव्हलला आणा. वर ओट्याच्या दगडाशी थोडी फट राहू दे. ग्रॅनाइटचं वजन कडप्प्यालाच पेलू द्या, १८ मिमीचा दगड चौरस मीटरला पन्नासेक किलो भरतो. दोन कॅबिनेट शेजारी येत असतील तर क्लॅम्पने आवळून आतून एकमेकांना स्क्रू करा.

भिंतीचं वीटवाल्यांना विचारा, माझी हद्द ओट्यापर्यंत.

वीटवाली
मग मी आले. सिपोरेक्समध्ये साधी गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग) फिरत राहते. एएसी ब्लॉकसाठी वेगळे लांब नायलॉन प्लग मिळतात, ते मागा. ड्रिल करताना हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक मोठं होतं. भुकटी राखाडी आणि ड्रिल जड गेलं तर बीम किंवा कॉलम लागला समजा, तिथे साधा अँकर फास्टनर चालतो. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायर असते.

कॅबिनेट थेट भिंतीला टांगण्यापेक्षा १८ मिमी प्लायची पट्टी आडवी, बऱ्याच ठिकाणी धरून बसवा आणि कॅबिनेट त्या पट्टीला. भार वाटला जातो. भिंत चार इंची असेल तर आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टी हे सगळ्यात निर्धास्त. तरीही तांदूळ-गव्हाचे डबे खालीच. वर चहा-साखर, पापड, काचेची भांडी.

मृदुला_बदलापूर
पाठ खरंच खोक्यात होती! कर्णांत ६ मिमी फरक निघाला. दाबून, मोजून स्क्रू मारले, आता ढिम्म हलत नाही. दीर स्वतःच ढकलून खात्री करून गेले. एकच राहिलं, तिसऱ्या कॅबिनेटमध्ये सिलेंडर ठेवायचाय, तळाची फळी लावू का?

गुण्या_आणि_ओळंबा
सिलेंडरच्या कॅबिनेटला तळ नको, सिलेंडर फरशीवरच उभा राहू दे. पण तळ काढला की चौकट कमजोर होते, म्हणून खाली मागच्या बाजूला एक आडवी पट्टी घाला आणि पाठ मापात लावा. दाराला जाळी खालच्या बाजूला हवी. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. पुढची पीव्हीसी पट्टी तिथे लावू नका. नळी जिथून बाजूच्या फळीतून जाते त्या भोकाला रबरी रिंग घाला, आणि नळीवरची तारीखही बघून घ्या. पाच वर्षं झाली असतील तर बदला.