सुटं तेल आणि ग्राहकाची निवड
"सुटं तेल घ्यायचं की पाकीटबंद, हे गिऱ्हाईक ठरवेल, सरकारने मध्ये पडू नये" असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. पुण्यात आमच्या पेठेतल्या लाकडी घाण्यावर मी स्वतः किटली घेऊन जाते. शेंगदाणे समोर पडतात, कोमट तेल समोर गळतं. तिथे माझी निवड खरी. पण दुकानातल्या उघड्या डब्यातल्या तेलाचं काय? १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचं, म्हणजे एका विषारी रानटी झाडाच्या बियांचं, तेल मिसळलं गेलं. लोकांचे पाय सुजले, साठाहून जास्त माणसं गेली. त्यानंतर त्याच वर्षी पाकीटबंद विक्रीचा आदेश निघाला. अहो, दिसायला ते भेसळीचं तेल मोहरीच्या तेलासारखंच! गिऱ्हाईक कशावरून ठरवणार? छोट्या घाणेवाल्यांना कागदपत्रांत सवलत जरूर द्या, पण बाटलीवर नाव-पत्ता आणि तारीख हवीच.